खालाची झाली मावशी

विद्यार्थी मित्रांनो, 'खाला' हा शब्द तुम्हांला शिकवण्याची गरज नाही. आईची बहीण ती खाला. मराठीत तिलाच 'मावशी' म्हणतात. पण मुंबईच्या कोणत्याही रुग्णालयात गेलात, तर या शब्दाचा आणखी एक उपयोग ऐकू येईल. रुग्णाला उठवणारी, बसवणारी, त्याचे अंग पुसणारी, त्याला बेडपॅन देणारी जी बाई असते, तिला डॉक्टरांपासून नातेवाइकांपर्यंत सगळे 'मावशी' अशीच हाक मारतात. कागदावर मात्र ती 'आया' असते. (हा 'आया' शब्द पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला. आपला 'पगार'ही त्यांचाच!) माझी सख्खी खाला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी अशी मावशी झाली. तिची हकिकत मी तुम्हांला सांगणार आहे.

खाला घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर राहते. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत तयार कपड्यांचा एक कारखाना होता. तेथे ती सतरा वर्षे शिलाई मशीनवर बसली. शर्टाला कॉलर लावणे हे तिचे काम. दिवसभरात किती कॉलरी झाल्या, त्यावर मजुरी. सुरुवातीची कित्येक वर्षे ती बसने जाई. जून २०१४ मध्ये वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हा असल्फा ते मरोळ नाका हे अंतर इतके जवळ आले, की खाला म्हणायची, "पानाचा डबा उघडून बंद करेपर्यंत स्टेशन येतं."

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि कारखाना बंद झाला. काही महिन्यांनी तो पुन्हा उघडला, पण निम्म्याच मशिनी सुरू झाल्या. खालाला बोलावणे आले नाही. खालूंची रिक्षा दाराशी उभी होती. खालाने घरी मास्क शिवले. पुढे मास्क गल्लोगल्ली मिळू लागले आणि तेही काम संपले.

त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्याच उपनगरात एक वेगळी गोष्ट घडली होती. शिखा मल्होत्रा या हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री. त्यांचा 'काँचली' हा चित्रपट नुकताच, फेब्रुवारी २०२० मध्ये, प्रदर्शित झाला होता. अभिनयाकडे वळण्यापूर्वी त्यांनी दिल्लीत परिचर्येची, म्हणजे नर्सिंगची, पदवी घेतली होती. साथ सुरू होताच त्या जोगेश्वरीच्या बाळासाहेब ठाकरे ट्रॉमा रुग्णालयात परिचारिका म्हणून स्वेच्छेने रुजू झाल्या. काही महिने त्यांनी तेथे रुग्णसेवा केली. ऑक्टोबरमध्ये त्यांना स्वतःलाच कोरोना झाला. वर्तमानपत्रांतून त्यांचे गणवेशातील छायाचित्र आले होते. ते खालाने मोबाइलवर पाहिले आणि मला दाखवले. "हिला शिकलेलं होतं म्हणून जाता आलं," ती म्हणाली. "मला काय येतं? कॉलर."

मी गप्प बसले. कारण तिला आणखी काय येत होते, आणि काय आले नव्हते, हे आम्हां दोघींनाही ठाऊक होते.

टाळेबंदीच्या आदल्या वर्षी माझी नानी मोरीत घसरून पडली. तिच्या खुब्याचे हाड मोडले. वय इतके झाले होते, की शस्त्रक्रिया करणे डॉक्टरांना योग्य वाटले नाही. नानी चार महिने अंथरुणावर होती. तिचे सगळे खाला करत असे. कारखान्यातून आल्यावर भरवणे, पुसणे, कपडे बदलणे. नानीला हलवले की ती कळवळायची, म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवले होते, की तिला शक्यतो हलवायचे नाही. पडू दे आरामात. आमची ती माया होती. दीड महिन्याने तिच्या पाठीला खाली जखम झाली आणि ती वाढतच गेली. नानी गेली तेव्हा त्या जखमेत माझी मूठ बसली असती.

पुढे २०२१ साल उजाडले. दुसऱ्या लाटेत रुग्णालयांना माणसे कमी पडली. खाटा होत्या, यंत्रे आणली, पण रुग्णाजवळ उभा राहणारा माणूस कोठून आणायचा? त्या जून महिन्यात केंद्र सरकारने अशा कामांसाठी एक लाखाहून अधिक लोकांना थोड्या मुदतीत शिकवण्याची योजना जाहीर केली. घरी रुग्णाची काळजी घेणे, चाचणीसाठी नमुने गोळा करणे, उपकरणे सांभाळणे असे त्यात सहा प्रकार होते. आमच्या भागातही एका संस्थेने रुग्ण सहायकांचा काही महिन्यांचा वर्ग काढला. खाला दहावी पास होती, तीही उर्दू माध्यमातून. तिने जाऊन नाव घातले आणि मग घरी सांगितले.

घरात तीन दिवस कोणी कोणाशी नीट बोलले नाही. "परक्या माणसांची घाण काढायला जाणार?" हा पहिला प्रश्न. "रात्रपाळी करणार?" हा दुसरा. मी शिक्षिका, मला वाटले, समजावणे हे माझे काम आहे. मी सावित्रीबाई फुल्यांचे उदाहरण दिले. त्या तर आम्हां शिक्षिकांच्या आद्य गुरू. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे माळावर दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रुग्ण शोधून तेथे आणत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर वाहून आणले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. मी मदिनेच्या रुफैदा अल-अस्लमिया यांचेही नाव घेतले. पैगंबरांच्या काळात त्या तंबूत जखमींची तीमारदारी करत. मराठीत तीमारदारीला 'शुश्रूषा' म्हणतात. खालूंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. पण खरे सांगायचे तर त्यांचे मन माझ्या इतिहासाने वळले नाही. चार महिन्यांचे घरभाडे थकले होते.

वर्ग घेणाऱ्या बाई एका सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका होत्या. त्यांनी पहिला दिवस फक्त हात धुण्यात घालवला. तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या मधल्या जागा, अंगठे, नखे. साबण लावण्यापासून हात कोरडे होईपर्यंत चाळीस ते साठ सेकंद. सगळ्या जणी हसल्या. एवढ्या मोठ्या बायकांना हात धुवायला शिकवतात! तेव्हा बाईंनी व्हिएन्नाच्या सेमेलवाइस या डॉक्टरांची गोष्ट सांगितली. १८४७ साली त्यांनी प्रसूती विभागातील डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. लगेच बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. तरी पुष्कळ डॉक्टरांना हे पटले नाही. आपल्याच हातांनी रोग पसरतो, हे कोणाला ऐकायला आवडेल?

दुसऱ्या आठवड्यात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा धडा आला. बाई म्हणाल्या, "माणूस एकाच अंगावर पडून राहिला, की हाडाच्या टोकाखालची कातडी दाबली जाते. तेथे रक्त पोचत नाही. रक्त नाही तर कातडी मरते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. त्याला दुखलं तरी बदलायची. हळू, दोघींनी मिळून, चादरीसकट." खाला उठली आणि वर्गाबाहेर गेली. बाईंना वाटले, तिला मळमळते आहे. ती जिन्यात बसून रडत होती. दोन तास. एवढेच ठाऊक असायला हवे होते.

मित्रांनो, कूस म्हणजे करवट. उताणे म्हणजे चित. ओणवे, पालथे, कुशीवर हे शब्द तुम्ही पुस्तकात वाचून विसरता. खालाने ते चादर हातात धरून पाठ केले. रुग्ण पलंगावर असतानाच खालची चादर कशी बदलायची, भरवताना डोके उंच का ठेवायचे, खुर्चीत बसवताना कमरेत न वाकता गुडघ्यांत का वाकायचे, हे सगळे ती घरी येऊन माझ्यावरच करून पाहायची. नाडी मोजायलाही ती माझ्याच मनगटावर शिकली. तुम्हीही करून पाहा. तीन बोटे अंगठ्याखाली मनगटावर ठेवा आणि घड्याळात पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसाची नाडी बसल्या जागी साठ ते शंभर पडते. नाडी अंगठ्याने मोजायची नाही. अंगठ्याची स्वतःची नाडी लागते आणि गोंधळ होतो.

रुग्णालयातील कचऱ्याचेही एक शास्त्र आहे. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत. सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत. सुया पांढऱ्या, टोचून फुटणार नाहीत अशा डब्यात. काचेच्या बाटल्या निळ्यात. २०१६ च्या नियमांप्रमाणे ही विभागणी सगळीकडे सारखी आहे. एक सुई चुकून पिवळ्या पिशवीत गेली, तर ती पिशवी उचलणाऱ्याच्या हातात शिरते. औषध देणे आणि इंजेक्शन टोचणे हे मात्र सहायकाचे काम नाही. त्यासाठी परिचारिका असते. सहायकाचे काम रुग्णाजवळ राहण्याचे, त्याच्याकडे लक्ष ठेवण्याचे आणि जे दिसेल ते ताबडतोब सिस्टरला सांगण्याचे.

या 'सांगण्या'पाशीच खालाची खरी परीक्षा झाली.

तिला उपनगरातील एका रुग्णालयात काम मिळून दोन महिने झाले होते. रात्रपाळी होती. खिडकीजवळच्या खाटेवर रत्नागिरीकडच्या एक आजी होत्या. ऐंशीच्या घरातल्या. खुब्याची शस्त्रक्रिया झालेली, नानीसारखीच. म्हणून खालाचा त्यांच्यावर जास्त जीव होता. पहाटे तीनच्या सुमारास आजी पुटपुटल्या, "मावशी, छातीत कळ येतेय गं." खालाने ऐकले 'कल'. आजी मुलाची वाट पाहत होत्या, हे तिला माहीत होते. तिने त्यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि सांगितले, "हां आजी, कल येईल. उद्या सकाळी नक्की येईल."

आजी पुन्हा म्हणाल्या, "कळ येतेय." खाला पुन्हा म्हणाली, "येईल, येईल."

शेजारच्या खाटेवरची तरुण मुलगी जागी होती. ती ओरडली, "अहो मावशी, त्यांच्या छातीत दुखतंय!" खाला सिस्टरकडे धावली. सिस्टरने रक्तदाब पाहिला, डॉक्टरांना बोलावले, हृदयाचा आलेख काढला. हृदयविकाराचा झटका होता. आजींना तत्काळ अतिदक्षता विभागात हलवले. त्या वाचल्या. चार दिवसांनी आपल्या खाटेवर परत आल्या. पण ती मुलगी झोपलेली असती तर?

सिस्टर खालावर चिडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "शब्द कळला नाही, तर विचारायचं. अंदाज नाही करायचा."

आपल्या उर्दू लिपीत 'ळ' नाही. आपल्या जिभेलाही त्याची सवय नाही. वर्गात तुम्ही 'शाळा'ला 'शाला' आणि 'फळा'ला 'फला' म्हणता, तेव्हा मी थांबवते आणि तुम्हांला माझा राग येतो. पण 'कळ' म्हणजे टीस, एकदम उठणारी तीव्र वेदना. आणि 'कल' म्हणजे उद्या किंवा काल. त्या रात्री एवढ्या एका अक्षरात आजींचा जीव अडकला होता.

दुसऱ्या दिवशी खालाने शंभर पानी वही विकत घेतली. मराठी डावीकडून लिहितात, उर्दू उजवीकडून. तिने प्रत्येक ओळीत डावीकडून मराठी शब्द लिहायचा आणि उजवीकडून उर्दू. दोन्ही शब्द पानाच्या मध्यावर भेटतात. ही वही मी वर्गात आणली होती, तेव्हा तुमच्यापैकी काहींनी ती पाहिली आहे. पहिल्या पानावर फक्त दुखण्याचे शब्द आहेत. मराठीत दुखण्याचे किती प्रकार आहेत, ते मलाही त्या वहीतूनच नीट कळले. फोड ठणकतो. डोळा खुपतो. जखम चुरचुरते. पोटात मुरडा येतो. छातीत जळजळ होते. कमरेत चमक भरते. पायात गोळा येतो, त्यालाच पेटका म्हणतात. हातापायांना मुंग्या येतात. यात मुंगी कोठेच नसते. डोके दुखते, पण डोके गरगरले की घेरी येते. 'जीव घाबरा होतो' असे रुग्ण म्हणाला, तर तो भित्रा आहे असे समजायचे नाही. सिस्टरला हाक मारायची. डॉक्टर याच शब्दांवरून अंदाज बांधतात. जळजळ आणि कळ यांवरचे उपचार एक नाहीत.

पुढच्या पानावर फसवे शब्द आहेत. आजी 'ऊन पाणी' मागतात, तेव्हा त्यांना लोकरीशी काही काम नसते. गरम पाणी हवे असते. 'खोकला' म्हणजे पोकळ नव्हे, खांसी. 'गार' म्हणजे गुहा नव्हे, थंड. रात्री कोणी "आई, आई" असे कण्हत असेल, तर कोणी आलेले नसते. पहिल्या आठवड्यात खाला दोनदा दाराशी पाहून आली होती!

आता थोडे कामाच्या दुसऱ्या बाजूविषयी. हे काम सुखाचे आहे, असे मी तुम्हांला सांगणार नाही. पाळी बारा तासांची. उभे राहून पाय सुजतात. पगार कॉलरीच्या मजुरीपेक्षा फार मोठा नाही. रुग्णालयातील नोकरीआधी खालाने ब्युरोमार्फत मुलुंडला एका घरी काम केले होते. ब्युरो म्हणजे घरोघरी माणसे पुरवणारी कचेरी. ती आपले कमिशन कापून घेते. त्या घरी आजोबांची शुश्रूषा करता करता तिला भांडीही घासायला सांगितली गेली. "मी रुग्णाची मावशी आहे, घराची नाही," असे सांगून तिने भांडी तशीच ठेवली. ते काम महिनाभरात सुटले. मला त्या वेळी वाटले होते, की तिने जरा नमते घ्यायला हवे होते. आता तसे वाटत नाही. ओल्या, खरकट्या हातांनी ती रुग्णाची जखम पुसणार होती काय? आपल्याकडे शुश्रूषेला तोंडभर 'सेवा' म्हणतात आणि 'सेवा' म्हटले, की पगाराचे बोलणे अवघड होते. महानगरपालिकेच्या ज्या आरोग्य सेविका टेकडीवरच्या गल्ल्यांतून घरोघर फिरतात, त्यांना वर्षानुवर्षे पगार नव्हे, 'मानधन' मिळत आले आहे. शब्द मोठा आणि रक्कम लहान.

शिक्षण कमी म्हणून हे काम जमणार नाही, असे मात्र नाही. अहमदनगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगरमधील) जामखेडला १९७० साली डॉक्टर रजनीकांत आणि डॉक्टर मेबल आरोळे यांनी आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यात राहायला परिचारिका तयार होत नव्हत्या. तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवले. त्यांतील पुष्कळ जणींना अक्षरओळख नव्हती. शेतमजुरी करणाऱ्या या बायका बाळंतपण करू लागल्या, मुलांची वजने घेऊ लागल्या, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी द्यायला शिकवू लागल्या. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खालाला मी ही हकिकत सांगितली, तेव्हा तिने विचारले, "त्यांच्या वह्या कशा असतील? लिहिता येत नव्हतं ना?" मला उत्तर देता आले नाही. त्यांनी सगळे डोक्यातच ठेवले असणार.

तुमच्यापैकी कोणाला या वाटेने पुढे जायचे असेल, तर बारावीनंतर दोन वर्षांचा ए.एन.एम., तीन वर्षांचा जी.एन.एम. किंवा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग असे अभ्यासक्रम आहेत. बी.एस्सी.साठी विज्ञान शाखा लागते. अभ्यासक्रम पुरा झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते. मुलांनाही जी.एन.एम. आणि बी.एस्सी. नर्सिंगचे शिक्षण घेता येते. रुग्णालयात त्यांना 'ब्रदर' म्हणतात. खालाची धाकटी मुलगी यंदा अकरावी विज्ञानाला आहे. ती काय होणार, हे तिने अजून कोणाला सांगितलेले नाही. पण आईची वही ती रोज वाचते.

त्या आजी घरी जाताना खालाला म्हणाल्या होत्या, "मावशी, आता 'कळ' म्हणून दाखव." खालाने तीनदा म्हटले. तिसऱ्या वेळी आजींना पटले.

परवा खाला माझ्याकडे आली आणि वही उघडून तिने विचारले, "पाणी पिताना जीव कोंडला आणि खोकला आला, तर काय म्हणतात?" मी म्हणाले, "उचकी लागली." तिने मान हलवली. "उचकी वेगळी. आजोबांनी सांगितलं, त्याला 'ठसका' म्हणतात." मी बी.एड. झालेली, दहा वर्षे तुम्हांला मराठी शिकवणारी. मी शब्दकोश काढून पाहिला. खालाचे बरोबर होते. तिने डाव्या बाजूने 'ठसका' लिहिले, उजव्या बाजूची जागा तशीच ठेवली आणि म्हणाली, "याला आपल्यात नेमकं काय म्हणतात गं?"

ती जागा अजून रिकामी आहे. तुम्ही उद्या घरी मोठ्यांना विचारून या.